पुल्ड पोर्कसाठी बार्बेक्यू सॉस : बाटली, व्हिनेगर की मोहरी?

कॅरीतला_कोकण्या

मंडळी, सल्ला हवाय, तोही पटकन.

धाकटीचं हायस्कूल संपतंय. जूनमध्ये एका शनिवारी संध्याकाळी घरी तीसेक माणसं जेवायला. निम्मी आपली मराठी, निम्मी तिच्या बँडमधली पोरं आणि त्यांचे आईबाप, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या नॉर्थ कॅरोलायनातले. छोले, पुलाव, कोशिंबीर हे खातं बायकोकडे. पुल्ड पोर्क, म्हणजे धुरावर मऊ शिजवून हाताने तोडलेलं डुकराचं मांस, माझ्या गळ्यात. शेजारी आपला स्मोकर आणि हिकरीची लाकडं घेऊन पहाटेच हजर होणार आहे, त्यामुळे मांस धुराला लावायची चिंता नाही. पण घोडं पेंड खातंय ते सॉसपाशी.

दुकानात सॉसच्या रांगेपुढे उभा राहिलो आणि गरगरलं. हनी, हिकरी, ब्राउन शुगर, बर्बन, 'कॅरोलायना गोल्ड', काय काय. शेजाऱ्याला विचारलं. तो राज्याच्या पूर्वेकडल्या गोल्ड्सबरोचा. म्हणाला, व्हिनेगर आणि मिरची, बाकी काही लागत नाही. त्याची बायको पश्चिमेकडच्या लेक्सिंग्टनची. ती आतून ओरडली, थोडा केचप नको का? त्यानंतर त्यांची जी जुंपली ती बघून मी हळूच सटकलो.

तर विकतचा आणू की घरी करू? किती करू? आदल्या दिवशी केला तर चालेल? आणि आपल्या लोकांना झणझणीत लागतं, त्याचं काय?

हिकरीधूर

खुशाल बाटली आणा. मी कॅन्सस सिटीत राहतो. इथे केचप, मळी, ब्राउन शुगर, व्हिनेगर आणि थोडा धुराचा वास असा घट्ट गोड सॉस असतो आणि पोरं तो बोटांनी चाटून खातात. तीस लोकांच्या गडबडीत सॉस करत बसू नका. जाता जाता, ज्या सॉसमुळे अख्ख्या अमेरिकेला 'बार्बेक्यू सॉस म्हणजे हाच' असं वाटायला लागलं तो केसी मास्टरपीस १९७० च्या दशकात इथल्याच रिच डेव्हिस नावाच्या बालमानसोपचारतज्ज्ञाने काढला. पोरांना काय आवडतं ते त्याला बरोबर ठाऊक असणार!

डॅलसचा_डांबिस

सॉस लागतोय म्हणजे मांस बिघडलंय. हलकंच घ्या.

पाटावरवंटा

डांबिसराव, तुमचं ब्रिस्केट तुम्हाला लखलाभ. गाईच्या मांसाचा नियम डुकराला लावू नका.

कोकण्याभाऊ, सॉसच्या आधी मांसाकडे बघा. तुम्ही बहुतेक बॉस्टन बट घेतला असेल. नाव काही असो, तो डुकराचा खांदा. चरबी भरपूर, आणि तंतूंच्या मधलं कोलाजेन दहा-बारा तास मंद आचेवर विरघळून त्याचं जिलेटिन होतं. म्हणून तर आतलं तापमान १९५ ते २०५ फॅरनहाइटपर्यंत न्यायचं. तिथे पोचलं की हाड ओढल्याबरोबर स्वच्छ सुटून हातात येतं. असं मऊ, चरबीदार, वरून मसाला आणि साखर करपून काळी साल धरलेलं मांस तोंडात घातलं की कशाची उणीव जाणवते? गोडाची नाही. धुराची नाही. घट्टपणाची तर नाहीच नाही. आंबटाची जाणवते.

म्हणून पातळ व्हिनेगर सॉस. तो ओघळत प्रत्येक धाग्यात शिरतो, चरबीला धार देतो आणि दिसतसुद्धा नाही. घट्ट गोड सॉस मांसावर बसून राहतो. पहिला घास बहारदार, पण पाव संपेपर्यंत डुक्कर खातोय की केचप खातोय कळेनासं होतं.

पूर्वेकडचा, म्हणजे तुमच्या शेजाऱ्याचा सॉस असा :

दोन कप ॲपल सायडर व्हिनेगर, मोठा चमचाभर चिली फ्लेक्स, छोटा दीड चमचा मीठ, छोटा चमचाभर जाडसर कुटलेली मिरी, एक-दोन मोठे चमचे टेक्सस पीट. हवी तर मोठा चमचाभर ब्राउन शुगर, पण गोल्ड्सबरोवाल्यासमोर घालू नका. काचेच्या बरणीत भरा, मीठ विरघळेपर्यंत हलवा आणि ठेवून द्या. गॅसजवळ जायची गरज नाही. केल्या केल्या चाखलात तर नुसता कोरडा आंबट ठसका बसेल. रात्रभरात मिरची व्हिनेगरमध्ये उतरते, रंग तांबूस होतो आणि चव एकजीव होते. तुम्ही तर बुधवारीच करून ठेवा, फ्रिजमध्ये महिनाभर काही होत नाही.

(टेक्सस पीट हा तिखट सॉस टेक्ससचा नाही बरं का. तो इथे विन्स्टन-सेलमला बनतो. आधी एका बार्बेक्यूच्या टपरीवर गिऱ्हाइकांनी जरा झणझणीत काहीतरी मागितलं, त्यातून १९२९ साली जन्माला आला.)

शेजारीणबाईंचा लेक्सिंग्टनचा सॉस, त्याला तिकडे डिप म्हणतात, तो ह्याचाच भाऊ. वरच्या मापात अर्धा कप केचप, अर्धा कप पाणी, साखर दोन-तीन चमचे, आणि एक उकळी. हाही पातळच, पळीवरून पाण्यासारखा पडला पाहिजे. दाट झाला म्हणजे केचप जास्त झाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सॉस चमच्याने चाखून मापं बदलू नका. चमच्यात तो भयंकरच लागतो. मांसाचा तुकडा बुडवून चाखा.

कॅरीतला_कोकण्या

पाटाताई, दंडवत! दोन बट घेतलेत, हाडासकट, प्रत्येकी नऊ पौंडांच्या आसपास. पुरतील ना? आणि सॉस मांसात कालवायचा की टेबलावर ठेवायचा?

पाटावरवंटा

पुरतील. हाड, चरबी, पाणी जाऊन कच्च्याच्या जेमतेम निम्मं उरतं. अठरा पौंडांचं नऊ-दहा पौंड धरा. माणशी पाव ते तिसरा हिस्सा पौंड, शिवाय तुमच्याकडे छोले-पुलाव आहेच. पोरं दोनदा घेतील, त्याची सोय आहे.

सॉस दोन्हीकडे. पण त्याआधी मांसाखाली जमलेला रस टाकू नका! तो भांड्यात काढून वरची चरबी पळीने उचला आणि उरलेला रस तोडलेल्या मांसात परत घाला. मग सुमारे पाच पौंड मांसाला पाऊण कप व्हिनेगर सॉस हळूहळू शिंपडत हाताने वरखाली करा. मध्येच चाखा. वरची काळी कुरकुरीत साल बारीक करून त्यातच मिसळा, जीव तिच्यात असतो. लेक्सिंग्टनला जाणकार लोक 'ब्राउन' म्हणून ती वेगळी मागून घेतात. उरलेला सॉस पिळायच्या बाटल्यांत भरून टेबलावर.

आणि रबमध्ये, म्हणजे मांसाला चोळायच्या कोरड्या मसाल्यात, मीठ किती घातलंय ते शेजाऱ्याला विचारून घ्या. रब खारट असेल तर सॉसमधलं मीठ अर्ध्यावर आणा.

मोहरीची_फोडणी

एवढा काथ्याकूट झाला आणि मोहरीचं कोणी नावही काढलं नाही? मी कोलंबियात असते, साउथ कॅरोलायनात. आमच्या मधल्या पट्ट्यात पिवळा सॉस. अठराव्या शतकात जर्मन वसाहतवाले आले, ते मोहरी घेऊन आले असं सांगतात. कोकण्यादादा, ती 'कॅरोलायना गोल्ड' म्हणून बघितलीत ना बाटली, ती ह्याचीच.

एक कप साधं पिवळं अमेरिकन मस्टर्ड, अर्धा कप सायडर व्हिनेगर, पाव कप मध, दोन चमचे ब्राउन शुगर, चमचाभर वूस्टरशर सॉस, मिरी, लाल तिखट. मंद आचेवर दहा मिनिटं. थंड झाला की आणखी आळतो, म्हणून गॅसवरून जरा पातळच उतरवा. मोहरीचा तो नाकात जाणारा झटका आपल्या माणसाला लगेच पटतो. लोणच्याचा खार जिभेवर वाढलेली जात आपली! झणझणीत हवंय म्हणताय, तर मिरची वाढवण्यापेक्षा हा करा.

चुलखंड

मोहरीताईंनी कोलंबियाचं नाव काढलंच आहे तर एक कडू गोष्टही नोंदवतो. ह्या पिवळ्या सॉसच्या सगळ्यात गाजलेल्या दुकानांपैकी एक म्हणजे तिथलं पिगी पार्क. त्याचा मालक मॉरिस बेसिंजर कृष्णवर्णीयांना आत बसवून जेवायला द्यायला तयार नव्हता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९६८ साली निकाल त्याच्या विरुद्ध लागला. आजही नागरी हक्कांच्या खटल्यांत वकिलाच्या फीचा मुद्दा निघाला की ह्या निकालाचा दाखला देतात.

आणि गंमत बघा, किंवा गंमत नाहीच म्हणा. हे डुक्कर रात्रभर निखाऱ्यांवर भाजायचं कसब दक्षिणेत मुख्यत्वे गुलामगिरीतल्या काळ्या माणसांच्या हातातलं. १९३० च्या दशकात सरकारने पूर्वीच्या गुलामांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्यात साउथ कॅरोलायनाच्या वेस्ली जोन्स ह्या नव्वदी ओलांडलेल्या म्हाताऱ्याने अशा रात्रींचं वर्णन केलंय. मांसावर शिंपडायला व्हिनेगर, काळी मिरी, लाल मिरची, मीठ, लोणी, कांदा, लसूण, थोडं सेज, बेझिल आणि चक्क धणे. साखर काही लोक घालत, तीही थोडी. म्हणजे ज्याला आपण आज 'पूर्वेकडचा सॉस' म्हणतो तो मुळात टेबलावरचा नव्हताच. भाजता भाजता मांस ओलं ठेवायला, पुचाऱ्याने फिरवायचा तो पातळ रस होता.

हिकरीधूर, तुमच्या गावाच्या बार्बेक्यूचा जनक मानतात तो हेन्री पेरी मेम्फिसकडून आलेला. त्याचा सॉस गोड नव्हता, चांगला जहाल तिखट होता. गोडवा मागाहून आला.

हिकरीधूर

माहितीपूर्ण प्रतिसाद. मान्य. पण मागाहून आलेलं सगळं वाईट असतं का? बटाटा आणि मिरची आपल्याकडे मागाहूनच आले. ज्याला जे आवडतं ते खाऊ द्या. तीस माणसांत पंधरा पोरं आहेत, लिहून घ्या, गोड बाटली आधी संपेल.

पाटावरवंटा

ठेवा ना बाटली एका कोपऱ्यात, कोण नको म्हणतंय. फक्त दोन पथ्यं. एक, घेताना मागची घटकांची यादी वाचा. बऱ्याच बाटल्यांवर पहिलंच नाव हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरपचं असतं. टोमॅटो किंवा व्हिनेगर आधी आलेली शोधा. आणि कुठलीही घेतलीत तरी कपाला दोन-तीन चमचे सायडर व्हिनेगर आणि मिरी घालून गरम करा, मग ती पोर्कजवळ जायच्या लायकीची होते. दोन, गोड सॉस मांस शिजताना लावू नका. ज्वाळेसमोर साखर करपून कडवट होते.

चुलखंड, धण्यांची माहिती नव्हती. धन्स. लगेच भाजून भरडून टाकणार.

म्हापशाचो_पाव

व्हिनेगर आणि डुक्कर हा विषय चालू आहे आणि गोंयकार गप्प बसेल का?

आमच्याकडे माडाच्या सुरीचं, म्हणजे माडीचं व्हिनेगर. सूर आंबवत ठेवायची की बनतं. सोरपोतेल, विंदालू, चोरीस (आमचे सॉसेज), सगळ्याला तेच लागतं. पण एक फरक ध्यानात घ्या. आमचं व्हिनेगर मांसात आधी जातं. मिरच्या, लसूण, मसाला व्हिनेगरमध्ये वाटतात, मांस त्यात मुरतं, मग शिजतं. चोरीस तर त्यावरच टिकतात. त्यामुळे आंबटपणा बोथट होऊन मसाल्यात मिसळून जातो. कॅरोलायनात तो शेवटी, कच्चाच पडतो, म्हणून टोचतो. मिसळीवर लिंबू पिळतो ना, त्या जातीचं काम.

म्हणून घरी करून बघायचं असेल तर विंदालूचा मसाला घालून सॉस करू नका, जिरं-दालचिनी वरून कच्ची चांगली लागत नाही. फक्त व्हिनेगर बदला. माडाचं व्हिनेगर, सुक्या मिरच्या जाडसर कुटून, मीठ, चिमूटभर गूळ, ठेचलेली लसणीची एक पाकळी. रात्रभर ठेवा, सकाळी लसूण काढून टाका. माडाच्या व्हिनेगरला सफरचंदाचा गोडसर वास नसतो, एक वेगळी आंबूस खोली असते. पोदेराच्या, म्हणजे आमच्या पाववाल्याच्या, गरम पावात हे पोर्क भरून खाल तर चोरीस-पावाला भाऊ मिळेल.

दक्षिणायन

+१. कुर्गी पंदी (डुकराच्या) करीतही शेवटी कचमपुळी घालतात, कोकमाच्या भावकीतल्या फळाचा आटवून काळा केलेला आंबट अर्क. थेंबांत मोजायचा. चरबीच्या डुकराला आंबट लागतं हे जगात सगळीकडे लोकांना आपापलं कळलेलं दिसतं.

सोमवारपेठ

तोंडाला पाणी सुटलं! पण आम्ही पुण्यातल्या फ्लॅटवाल्यांनी काय करायचं? स्मोकर नाही, बॉस्टन बट नाही. कोल्ड स्टोरेजवाल्याकडे खांदा मिळतो, दोन किलो आणला तर? ओटीजी आणि कुकर आहे. मळी कुठून आणू? आणि व्हिनेगरऐवजी चिंच चालेल का?

पाटावरवंटा

सोमवारपेठ, एकेक घेते.

ओटीजी : दोन किलोचा चरबीसकट तुकडा, मीठ, मिरी, तिखट, गूळ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी खोल ट्रेमध्ये, वर फॉइल घट्ट, १३० सेल्सिअसला पाच ते सहा तास. काट्याने पिळल्यावर सुटत नसेल तर अजून तासभर, घड्याळाकडे बघू नका. शेवटी फॉइल काढून २०० वर वीस मिनिटं, म्हणजे वरून रंग येईल. कुकर : बोटभर जाड तुकडे, कपभर पाणी, शिट्टी झाली की गॅस बारीक करून पाऊण तास. मऊ होतं, पण साल मिळत नाही. मग तव्यावर चरबीतच परतून कडा कुरकुरीत करा.

धूर : कोळशाचा धुंगार द्या, पण निखाऱ्यावर तूप सोडू नका, लगेच कबाबाचा वास येतो. ट्रेमधली डुकराची चरबी चमचाभर सोडा.

मळी शोधू नका, काकवी आहे ना! कोल्हापूरची काकवी मळीपेक्षा गोडीला सौम्य आणि कडवटपणा कमी, घट्ट सॉसमध्ये उत्तम.

चिंच पातळ सॉसमध्ये नको, गढूळ होतो आणि चव भेळेकडे झुकते. केचपवाल्या घट्ट सॉसमध्ये मात्र खुशाल. वूस्टरशर सॉसमध्ये चिंच असतेच, म्हणजे अमेरिकन बार्बेक्यूत ती कधीचीच जाऊन बसली आहे. आणि व्हिनेगर घेताना बाटलीवर 'सिंथेटिक' लिहिलंय का बघा. ते म्हणजे पाणी घातलेलं ॲसेटिक ॲसिड, चायनीजच्या मिरच्यांना ठीक आहे. इथे सॉसमध्ये व्हिनेगरशिवाय दुसरं काही नाहीच, तर ते तरी सफरचंदाचं नाहीतर उसाचं घ्या.

मिरचीला ब्याडगी जाडसर भरडा, रंगासाठी. तिखटाला तिच्यात थोडी लवंगी. आणि कुठलाही व्हिनेगर सॉस गरम करायचा तर स्टीलच्या पातेल्यात, ॲल्युमिनियम किंवा कल्हई गेलेलं पितळ नको. वरून वाकून वासही घेऊ नका, डोळ्यांतून पाणी काढेल.

फणसाचे_गरे

मी शाकाहारी आहे, उगाच वाचत बसलेय. :) तुमच्या पार्टीला शाकाहारी असतीलच, त्यांना नुसते छोले? डब्यातला कोवळा फणस, खारवलेला, साखरपाकातला नव्हे, धुऊन पिळून तव्यावर तेलात कडा लाल होईपर्यंत परता आणि पाटाताईंचाच सॉस घाला. पण मी दोन्ही करून पाहिलेत, फणसाला नुसता व्हिनेगर चालत नाही.

पाटावरवंटा

चालणारच नाही! फणसात चरबी कुठे आहे कापायला? त्याला लेक्सिंग्टनचा डिप किंवा हिकरीधूर ह्यांची गोड बाटलीच बरी, आणि तेल सढळ हाताने. ह्यावरूनच बघा, सॉस 'चांगला-वाईट' नसतो, खाली काय आहे ते बघून ठरतो.

एक मात्र सांभाळा. वूस्टरशर सॉसमध्ये बहुतेक ब्रँडांत अँचोव्ही मासे असतात. मोहरीताईंच्या पाकृमध्ये तो आहे, विकतच्या सॉसमध्येही असू शकतो. शाकाहारी पाहुण्यांचा सॉस त्याच्याशिवाय करा, बाटली वेगळी, चमचा वेगळा, आणि वर चिठ्ठी चिकटवा.

कॅरीतला_कोकण्या

हे कुणीच सांगितलं नसतं. चिठ्ठ्या लेकीकडून लिहून घेतो, अक्षर चांगलं आहे तिचं.

तर ठरलं ते असं : पूर्वेकडचा पातळ मांसात कालवायला, लेक्सिंग्टन आणि मोहरी बाटल्यांत, विकतचा गोड पोरांसाठी, फणसाचा वेगळा. पांढरा सॉस म्हणून एक प्रकार ऑफिसातल्या एकाने सुचवलाय, तोही करू?

डॅलसचा_डांबिस

पाच पुरे की राव! लग्न आहे का?

पांढरा म्हणजे अलाबामाचा, मेयोनीज, व्हिनेगर, मिरी. डिकेटर गावच्या बॉब गिब्सनने १९२५ मध्ये धुरावरच्या कोंबडीसाठी काढला. कोंबडी कोरडी पडते, तिला मेयोनीज शोभतं. डुकराच्या चरबीवर आणखी चरबी कशाला? (बघा, मीही शिकलो.)

मोहरीची_फोडणी

कोलस्लॉ, म्हणजे कोबीची कोशिंबीर, कुठला करताय? पावात मांसावर कोलस्लॉ घालायची पद्धत आहे तिकडे. मेयोनीजचा नको.

पाटावरवंटा

अगदी अगदी. लेक्सिंग्टनचा लाल स्लॉ करा. कोबी अगदी बारीक चिरून, त्यात डिपच घालायचा, म्हणजे व्हिनेगर, केचप, साखर, मिरी. वेगळं काही करावं लागत नाही आणि जूनच्या उन्हात अंगणात मेयोनीजची काळजी नाही. पाव मऊ, बिनचवीचा, पांढरा. भारीचा खमंग पाव आणलात तर सगळी मेहनत त्याखाली दडपते.

मांस तोडून झालं की स्लो कुकरमध्ये 'वॉर्म'वर ठेवा, १४० फॅरनहाइटच्या खाली जाऊ देऊ नका. आणि सगळं एकदम तोडू नका. एक बट अख्खाच फॉइल-टॉवेलमध्ये गुंडाळून रिकाम्या कूलरमध्ये ठेवलात तर तीन-चार तास कढत राहतो, पहिला संपत आला की काढा.

कधी वेळ मिळाला तर सहकुटुंब राज्याच्या पूर्वेकडल्या आयडनला जाऊन या. स्कायलाइट इन, १९४७ पासूनचं, छपरावर अमेरिकेच्या कॅपिटॉलसारखा घुमट बांधलाय पठ्ठ्याने. तिथे पुल्ड नाही, लाकडी ओंडक्यावर दोन सुरे घेऊन अख्खं डुक्कर कुरकुरीत कातडीसकट खटाखट कापतात आणि कापता कापताच मीठ, व्हिनेगर, टेक्सस पीट वरून ओततात. सॉस म्हणून वेगळं काही आणून देतच नाहीत असं वाटावं इतकं ते मांसात गेलेलं असतं. ती कातडी मध्येच दाताखाली येते ना, तेव्हा शेजाऱ्याचं म्हणणं तुम्हाला पटेल.

चुलखंड

आणि ऑक्टोबरात लेक्सिंग्टनचा बार्बेक्यू फेस्टिव्हल. १९८४ पासून भरतो. शेजारीणबाईंना घेऊन जा, म्हणजे दोन्ही घरांशी संबंध टिकतील.

कॅरीतला_कोकण्या

मंडळी, धागा वर काढतोय. कार्यक्रम पार पडला.

मांस अप्रतिम झालं, श्रेय शेजाऱ्याचं. पातळ सॉस बुधवारी केला होता, शनिवारी उघडला तर रंग सुंदर उतरलेला. मी कालवत होतो आणि शेजारी बाजूला उभा राहून 'अजून, अजून' करत होता. मी पाऊण कपाच्या पुढे गेलो नाही. नंतर त्याने स्वतःच्या पावावर बाटली धरून असा काही ओतला की पाव विरघळला.

निकाल : हिकरीधूर, तुमचं भाकीत निम्मं खरं. गोड बाटली लहान पोरांनी उडवली. पण बँडमधली मोठी पोरं इथलीच, त्यांनी तिला हातही लावला नाही. आपल्या मंडळींत मोहरीची बाटली सगळ्यात आधी संपली, दोन काकूंनी पाकृ लिहून घेतली आणि एकीने पुलावावर घालून खाल्ला, तो विषय इथे नको. लेक्सिंग्टनचा डिप शेजारीणबाईंनी चाखला. 'साखर जास्त आहे' म्हणाल्या आणि तीनदा घेतला. फणस संपला, तोही मांसाहाऱ्यांनीच जास्त खाल्ला.

पातळ सॉस दीड बाटली उरलाय. त्याचं काय करू?

मोहरीची_फोडणी

जियो! मला कळवायचं होतं फोटो टाका म्हणून, पण बाटली संपली हे वाचूनच पोट भरलं.

पाटावरवंटा

उकडलेल्या पालेभाजीवर. इथले लोक कोलार्डच्या भाजीवर असंच मिरचीचं व्हिनेगर शिंपडतात. उकडलेल्या बटाट्यावर, काकडीवर, तळलेल्या माशावर. उरलेलं पोर्क पिशव्यांतून फ्रीझ करताना प्रत्येक पिशवीत दोन चमचे टाका, गरम केल्यावर कोरडं पडत नाही.

सोमवारपेठ

मी ओटीजीत केलं. काकवीवाला घट्ट सॉस आणि ब्याडगीचा पातळ, दोन्ही. घरच्यांनी पातळ सॉस आधी नाकारला, मग मांसावर पडल्यावर मागून मागून घेतला. आता मुळशीला मित्राच्या शेतावर खरोखरीचा धूर करायचा बेत आहे. हिकरी इथे मिळत नाही. आंब्याचं लाकूड चालेल का?

पाटावरवंटा

चालेल, फळझाडाचं लाकूड डुकराला चांगलंच. फक्त नीट वाळलेलं असू दे, ओलं लाकूड कडवट धूर काढतं. पॉलिश, रंग किंवा खिळे असलेल्या जुन्या फर्निचरच्या फळ्या अजिबात नकोत. आणि बागेत अलीकडे फवारणी झाली आहे का ते मित्राला आधी विचारा.